नऊ तास लागतात

१

माझ्या आईचं तोंड मला शेवटचं बघू दिलं नाही ते शिवदासकाकानं. बाकीचे सगळे सामील होते, माझा बापसुद्धा, पण ठरवलं त्यानं. म्हणून नाव आधीच सांगून टाकतो. शिवदास. बाबांचा थोरला भाऊ. मुलुंडला टॉवरमध्ये राहतो आणि आमच्या खोलीत आला की बाबा त्याला विचारून पंखा लावतात.

आम्ही असल्फ्याच्या डोंगरावर राहतो, घाटकोपर पश्चिमेला. खाली साकीनाका, डोक्यावर विमानं. मुंबईतून जाणारी विमानं समुद्राकडून निघून जातात, आमच्या वाट्याला फक्त येणारी. उतरायला आलेलं प्रत्येक विमान आमच्या पत्र्यावरून जातं, इतकं खाली की चाकं बाहेर आलेली दिसतात. त्यामुळे डोंगरावरचा माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो, विमान जाऊ देतो आणि जिथे थांबला त्याच शब्दापासून पुढे चालू करतो. भांडणातसुद्धा. "तुझ्या आईला" म्हणून दोघं एकमेकांकडे बघत उभे राहतात, विमान गेलं की उरलेलं बोलतात. कधीकधी तेवढ्यात राग जातो आणि "नमस्कार सांग" म्हणून मोकळे होतात. घाई असली तर ओठ वाचायचे. इथे शेंबड्या पोरालाही ओठ वाचता येतात.

मी फ्रँकफर्टला शिकायला गेलो होतो. काकाची मुलगी श्रुतिका तिथे नर्स आहे, तिच्या ओळखीनं खोली मिळाली. पहिल्याच वर्षी इकडे आई आजारी पडली. काका म्हणाला, "पोराक कळवू नकात. परीक्षा आसा त्याची." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या घरात मोठी माणसं तेवढा एकच व्यायाम करतात.

फोनवर आई म्हणायची, मी मुलुंडला आलेय, जयाकाकीकडे. मागे टुकटुक वाजायचं.

"काय वाजतंय गं?"

"टीव्ही."

मी मानलं. मला फोन आला तो सगळं उरकल्यावर. मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर. नऊ तास. एवढंच अंतर होतं, आणि तेही मला तोडू दिलं नाही.

२

खरी गोष्ट मला शेजारच्या चंपामावशीनं सांगितली. मी आल्यावर बरेच दिवस ती माझ्याशी बोलतच नव्हती. एकदा नळावर मी विचारलं, काय झालंय तुला, तर हंडा आपटून म्हणाली, "आई मरायला टेकली होती आणि तू म्हणे, विमान मिळत नाही, येत नाही म्हणालास."

"कोण म्हणालं?"

"तुझा काका. अख्ख्या आळीला सांगितलं त्यानं."

मग तिच्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नव्हतं. ती तिथेच कठड्यावर बसली.

"डॉक्टरांनी हात टेकल्यावर तिला घरी आणली ना रे. तुझं नाव काढून रडायची. मग तुझ्या काकानं तिला सांगितलं, निघालाय देवेश, विमानात बसलाय, नऊ तास लागतात. झालं. ती उठली. झोपून राहिना. स्टूल घेऊन खिडकीत बसली. प्रत्येक विमान आलं की कपाळावर असा आडवा हात धरायची. ह्यात असेल, म्हणायची. मधूनच विचारायची, कुठवर आला? तुझा काका म्हणायचा, येतोच आहे."

"किती वेळ बसली?"

चंपामावशीनं हंडा उचलला. "ती उठली कुठे?"

मी तसाच मुलुंडला गेलो. काका सोफ्यावर पाय वर घेऊन पेपर वाचत होता.

"तुम्ही आईला सांगितलं मी विमानात आहे."

"मग काय सांगू? आशेवर ठेवली तिला. दोन घोट पेज तरी गेली पोटात."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? नऊ तास लागतात. बॉडी कुठे ठेवणार होतास, तुझ्या त्या पत्र्याखाली?"

"तोंड बघितलं असतं."

"तोंड बघून माणूस परत येतो काय रे?" त्यानं पेपर उलटला. "शिक्षण सोडून आलंस ता आदी बघ. जया, चाय टाक ह्येका."

तो चहा मी प्यायलो नाही. परत गेलो नाही, कॉलेजही सुटलं. साकीनाक्याला कुरियरच्या गोदामात पार्सलं लावायचं काम धरलं. लोक म्हणतात पोरगं फुकट गेलं. जाऊ दे.

३

पुढच्या हिवाळ्यात श्रुतिकाला मुलगा झाला आणि काका नातू बघायला फ्रँकफर्टला निघाला. आमच्यात लांबच्या प्रवासाला निघताना देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. काका टॉवरमध्ये गेला तरी आजोबांनी गावाहून आणलेले देव आमच्याच खोलीत राहिलेत, मुलुंडच्या मार्बलवर ते शोभत नसणार. म्हणून पहाटेच स्वारी बॅगांसकट डोंगरावर हजर. सकाळी दहाचं विमान होतं.

गाऱ्हाणं म्हणजे एकानं देवाशी मोठ्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एरवी ते काकाच घालतो. पण स्वतःच्याच प्रवासाचं स्वतः कसं घालणार? बाबांचा घसा बसला होता.

"देवेश घालीत," काका म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मोठो झालो आता. राग गेलो मां रे?"

"गेला," मी म्हणालो.

मला मालवणी नीट येत नाही. ऐकून ऐकून कळते, बोलायची वेळ आली की डोक्यात मराठीत जुळवून मग फिरवावी लागते. हात जोडून उभा राहीपर्यंत मी एक वाक्य तसं फिरवून ठेवलं होतं. देवावर माझा विश्वास होता म्हणून नाही. त्याच्या तोंडावर, त्याच्याच देवासमोर एकदा बोलायचं होतं, बस.

४

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुज्या पुढ्यात ह्यो नारळ ठेवलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तुजा लेकरू शिवदास लांबच्या मुलखाक चल्ला हा..."

"व्हय म्हाराजा!"

काका सगळ्यात पुढे, डोळे मिटून, हात छातीशी. त्याच्या मागे जयाकाकी आणि चंपामावशी, माना खाली. बाबा माझ्या बाजूला. मी देव्हाऱ्याच्या शेजारी त्यांच्याकडे तोंड करून उभा, पाठीमागे खिडकी.

विमान आलं. मोठं होतं, आधी पत्रा थरथरला, मग देवांपुढची घंटी. रीतीप्रमाणे मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. उलट तीच वेळ साधून मोठ्यानं म्हणालो:

"जवसर माजी आवस वाट बगता हा, तवसर ह्येची वाट सरूची नाय!"

जोवर माझी आई वाट बघतेय, तोवर ह्याची वाट संपायची नाही. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पण गाऱ्हाण्यात एका वाक्याएवढा वेळ गेला की माणसं उत्तर देतात. सवयच तशी आहे. विमान जातंय न जातंय तोच सगळ्यांनी एका दमात उत्तर दिलं. काकाचा आवाज सगळ्यांत मोठा.

"व्हय म्हाराजा!"

त्यानं स्वतःच्या तोंडानं हो म्हटलं. मला इतका आनंद झाला की हसू दाबताना जोडलेले हात सुटले असते.

आणि त्या सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, किंचित उशिरानं, एकटं कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हाराजा." हळू. बाईचा आवाज. दोन्ही बायका माझ्यासमोर होत्या आणि दोघींची तोंडं मिटलेली होती. आवाज माझ्या पाठीमागून आला.

मी वळलो. खिडकी होती, गज होते, खाली नुसता उतार.

बाबा माझ्याकडे बघत होते. काकाकडे नाही, खिडकीकडे नाही. माझ्या ओठांकडे.

५

दिवसभर गोदामात मी फोनवर काकाचं विमान बघत बसलो. नकाशावर पिवळं बारीक विमान सरकत होतं. वाटत होतं आता थांबेल, आता गोल फिरेल. काही नाही. समुद्र ओलांडला, वाळवंट ओलांडलं, डोंगर ओलांडले, आणि संध्याकाळी ते वेळेवर फ्रँकफर्टला उतरलं. माझंच मला हसू आलं. म्हटलं, देवेश, शिकला असतास तर बरं झालं असतं.

जेवणाच्या सुमारास श्रुतिकाचा फोन आला.

"पप्पा पोचले रे."

"बरं."

"पण काय झालं माहितीये? सगळं विमान रिकामं झालं तरी हे सीटवरच. पट्टा बांधून. विमानातली बाई त्यांना सांगतेय, सर, आलं तुमचं शहर, आणि हे म्हणतायत, अजून उतरूक नाय. शेवटी व्हीलचेअर आणली. आता घरी आहेत. थकलेत ना खूप."

"झोपले असतील प्रवासात," मी म्हणालो. "अर्धवट जाग आली की होतं असं."

बाबा ताटावर बसले होते. त्यांनी विचारलं, "पोचलो मां?"

"पोचले."

बाबांनी भात कालवला तो तसाच ठेवला.

६

पण काका काही पोचला नाही.

श्रुतिकाच्या घरी खिडकीपाशी एक हातांची खुर्ची आहे. पहिल्या दिवशी तो तिच्यावर बसला आणि तिथलाच झाला. खायला दिलं तर खातो, न्यावं तिथे धरून नेलं तर येतो, पुन्हा खुर्चीत. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. नातू समोर धरला तर बघतो, हसतो, म्हणतो, "उतरल्यावर घेतंय." श्रुतिका रडून सांगायची. "पप्पा, हे माझं घर आहे. तुम्ही आलात." तर तिला विचारतो, "अजून किती वेळ गो?" ती म्हणते आलात की. तो म्हणतो, "असाच सांगतत सगळी."

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डोक्यात काही सापडलं नाही. वय, नवी जागा, झोप. तिथले डॉक्टर सभ्य, ते म्हणाले बघू. भारतात परत न्यावं म्हटलं तर विमानात बसवायचं कसं? तो तर बसलेलाच आहे.

लाज बाळगत नाही, लिहितो. मला मजा येत होती. मी मुद्दाम रोज फोन करायचो. श्रुतिका त्याच्या कानाला फोन लावून द्यायची.

"काका, कुठवर आलात?"

"येतंय रे झिला. उतरतंच हा आता."

"नऊ तास लागतात ना, काका?"

"व्हय, नऊ तास," तो म्हणायचा, अगदी समजूतदारपणे, आणि मी फोन ठेवून तंबाखू मळायचो. झकास वाटायचं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. काका बोलता बोलता मध्येच थांबायचा. आणि तो थांबायचा तेव्हा आमच्या पत्र्यावरून विमान जात असायचं. मी त्याचा अर्थ लावला. म्हटलं, माझ्या फोनमधून त्याला घरघर ऐकू जाते, तरुणपण डोंगरावर काढलंय, अंगात मुरलेली सवय आहे. बरोबर वाटलं. मग श्रुतिकानं सहज सांगितलं, "फोनवर नसले तरी थांबतात रे. घास तोंडाशी नेलेला तसाच धरून ठेवतात. मग एकदम पुढे चालू. अख्खा दिवस."

त्याचाही अर्थ मी लावला. वेडा माणूस, काहीही करेल.

७

आमच्या खोलीत आईचं स्टूल आहे, वर लाल रेक्झिन फाटलेलं. ती गेल्यापासून ते पलंगाखाली असतं. आता ते खिडकीत दिसायला लागलं.

मी कामाला जाताना ते आत सारायचो. आलो की खिडकीत. मला वाटलं बाबा बसतात. बाबा रिटायर झालेले, दिवसभर घरात, बसत असतील. मी म्हणालो, "बाबा, स्टूल आत टाकत चला, पाय लागतो." ते म्हणाले, "मी समाजलंय तू काडतंस."

आमच्याकडे खिडकीच्या कठड्यावर काळी धूळ बसते, पुसली की संध्याकाळपर्यंत परत. त्या धुळीत एक जागा स्वच्छ राहायला लागली. बशीएवढी. कोपर टेकलं की जेवढी होईल तेवढी. मी मुद्दाम पुसणं बंद केलं. कठडाभर धूळ चढत गेली, त्या जागेवर चढली नाही.

बाबांनी नंतर स्टूल हलवणं सोडून दिलं. एवढंच नाही, ते स्टूल आणि खिडकी यांच्या मधून जात नव्हते. तिथे जागाच अर्ध्या फुटाची आहे, पण कपडे वाळत घालायला जावं लागतं. ते मागून लांब हात करून घालायचे, जसं देवळात कुणी जप करत असलं की आपण बाजूनं जातो. मी ओरडलो एकदा, "काय नाटक लावलंय?" तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. मला गप्प करायला नाही. कुणाला त्रास होऊ नये म्हणून ठेवतात तसं.

बाबांचाही मला राग आहे, तो विसरलेलो नाही. ती खिडकीत बसली होती तेव्हा हा माणूस शेजारी बसला होता. माझा नंबर त्याच्या खिशात होता. भावाला वाईट वाटेल म्हणून त्यानं तो लावला नाही.

८

रविवारी दुपारी श्रुतिकानं व्हिडिओ कॉल केला. "तू बोललास की ते जरा खूश असतात. मी बाळाला आंघोळ घालून येते." तिनं फोन काकासमोर कशाला तरी टेकवून ठेवला.

बाबा खाली दाढी करायला गेले होते. मी दाराशी उभा होतो, खिडकीकडे पाठ करून, लाल टी-शर्टात. हे एवढ्यासाठी सांगतो की पुढे त्याचा संबंध आहे.

काका चांगलाच वाळला होता. मागे खिडकी, खिडकीत राखाडी आभाळ, समोरच्या इमारतीचा एक कोपरा. फ्रँकफर्टचं आभाळ मला माहीत आहे.

"काका, अजून नाही उतरलात?"

"उतरतलंय रे. आता खाली इला. आता दिसता सगळा."

"काय दिसतं?"

तो थांबला. त्याच वेळी आमच्या पत्र्यावर घरघर सुरू झाली. घंटी हलली. फोनमध्ये काकाचं तोंड अर्धवट उघडं, हलेना. मला वाटलं नेटवर्क अडकलं. पण त्याच्या मागचं आभाळ हलत होतं. ते कललं. राखाडी वर गेलं आणि खालून पत्रे आले. निळ्या ताडपत्र्या, त्यांच्यावर ठेवलेले टायर, काळ्या टाक्या, भिंतीला भिंत लागलेली घरं, सगळ्या उतारावर. मग जवळ आली एक खिडकी. हिरवे गज. गजांच्या मागे एक बाई, कपाळावर आडवा हात. हाताची सावली तिच्या तोंडावर पडली होती, तोंड नीट दिसलं नाही. तिच्या मागे, खोलीच्या आत, दाराशी, लाल टी-शर्टातला एक मुलगा पाठमोरा उभा होता. फोन समोर धरून.

काकानं खुर्चीच्या हातावरचा हात उचलला आणि मागे न बघता हलवला.

"विनिता," त्यानं माझ्या आईला नावानं हाक मारली. "इलंय गो मी. उतरतंय."

विमान गेलं. आभाळ राखाडी झालं. इमारतीचा कोपरा परत जागेवर. काका पुढे म्हणाला, "दिसता सगळा," जसं काही मधलं बोललाच नव्हता.

मला वळायचं नव्हतं. वळलो.

स्टुलावर पाठ होती. अबोली गाऊन, त्यातून वर आलेली पाठीची हाडं, केस इतके विरळ की मान दिसत होती. मी ओळखली नाही. खरंच ओळखली नाही. आईची पाठ मला माहीत होती ती भरलेली, घामानं ब्लाउज चिकटलेली. ही एवढीशी पाठ मी कधी बघितलेली नव्हती, कारण मला ती कुणी दाखवलीच नव्हती. हात कपाळावर होता म्हणून ओळखलं. कोपर कठड्यावर, धुळीतल्या त्या स्वच्छ जागी.

"आई," मी म्हणालो.

ती आभाळाकडे बघत राहिली. मी तिच्या मागेच उभा होतो, हात लांब केला असता तर लागला असता, आणि ती मला विमानात शोधत होती.

मी बाजूनं पुढे झालो, तिचं तोंड बघायला, त्या अर्ध्या फुटाच्या जागेत. स्टूल रिकामं होतं. रेक्झिन गरम होतं.

९

बाबा दाढी करून आले. माझ्याकडे बघून त्यांना विचारावं लागलं नाही. ते पलंगावर बसले.

"तुम्हाला दिसते?" मी म्हणालो.

"पयल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू बोललंस तेवडा पुरे झाला." मग ते मराठीत बोलले. बाबा रागावले की मराठीत बोलतात, कंडक्टर होते तेव्हा पॅसेंजरशी बोलायचे तसे. "तुझ्या आईचं सगळं नीट झालं होतं, देवेश. दहाव्याला कावळा शिवला होता. मी कावळ्याला सांगितलं होतं, देवेश येईल, मी बघेन त्याला, तू जा. ती गेली होती. तू तिला परत बसवलीस."

"मी काकाला बोललो होतो. तिला नाही."

"काय बोललास? म्हण परत."

"जवसर माजी आवस वाट बगता हा..."

"बगता हा," बाबा म्हणाले. "बगता हा म्हणजे बघतेय. आत्ता. बगल्यान म्हणायचं होतं. जितकी तिनं बघितली तितकी. झालेली गोष्ट. मालवणी येत नाही तर मराठीत घालायचं होतंस. देवाला मराठी कळतं."

वर विमान आलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "मागे घे."

"कसं?"

"नारळ ठेव. म्हण, शिवदासाक सुखरूप पोचव. मी व्हय म्हणतो. दादा उतरला की तिचं बघणं संपलं. ती पण सुटली."

त्यांनी स्वतः नारळ आणला, तांदूळ मांडले. माझा बाप, ज्यानं माझ्या आईसाठी एक फोन लावला नाही, तो भावासाठी गुडघे टेकून नारळ नीट बसवत होता. मी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले.

खिडकीतून कुणीच काही म्हणालं नाही.

"आज तुज्या पुढ्यात ह्यो नारळ ठेवलो हा."

"व्हय म्हाराजा."

पुढचं वाक्य अगदी सोपं होतं. तीन शब्द, मालवणीही कठीण नाही. मला काकाचा पेपर आठवला, तो उलटताना झालेला आवाज. तोंड बघून माणूस परत येतो काय रे? आणि दुसरं असं वाटलं की हा उतरला की ती जाणार. स्टूल परत पलंगाखाली. ती जाणार आणि जातानासुद्धा वळणार नाही.

"म्हण," बाबा म्हणाले. "देवेशा, म्हण."

मी हात सोडले आणि नारळ उचलून फळीवर ठेवला.

बाबांनी तांदूळ गोळा करून डब्यात टाकले.

१०

आता ती रोज दिसते. मी कामावरून येतो, दारातच बसतो. विमान आलं की हात कपाळावर जातो, विमान गेलं की खाली येतो. मी हाक मारून बघितली, भांडी वाजवून बघितली, एकदा शिवीसुद्धा दिली. वळत नाही. पुढून बघायला गेलं की स्टूल रिकामं. बाहेर नुसता कडा आहे, पाय ठेवायला जागा नाही. खाली रस्त्यावर जाऊन मान वर करून बघितलं तर गजांमध्ये अंधार दिसतो. त्या बाजूनं ती फक्त विमानातून दिसू शकते.

जयाकाकी मुलुंडचं घर बंद करून तिकडे गेली, काकाला भरवायला. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात.

काल श्रुतिकाचा फोन होता. तिचा आवाज बरा वाटला. म्हणाली, पप्पा आता शांत असतात, चिडत नाहीत, किती वेळ म्हणून विचारत नाहीत. दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसलेले असतात, पण मधूनच कुणाला तरी बघितल्यासारखं तोंड करतात आणि हात हलवतात.

"कुणाला म्हणून विचारलंस?"

"विचारलं. विनिताकाकी दिसते म्हणतात. म्हणतात, आता बरी दिसता, तोंडावर तेज इला हा. माझ्याकडे बघून हसता."

काकाला माझ्या आईचं तोंड दिसतं, दर विमानाला. मला पाठ दिसते.